ट्विला ‘हो’ म्हणेपर्यंत

कॉयसाठी नशामुक्तीच्या उपचार केंद्रात एक खाट रिकामी झाली होती, पण ती संध्याकाळपर्यंतच राखून ठेवणार होते. आमच्या ब्रायर फोर्कमधून माणसाला तिथं पोचवायचं काम पोलिसांच्या गाडीचं. त्या दिवशी ड्यूटीवर नेमका हेगर होता आणि कॉयनं सांगून टाकलं, "त्याच्या गाडीत बसण्यापेक्षा मी इथंच मरेन." ही नुसती धमकी नव्हती. मागच्याच महिन्यात तो मरता मरता वाचला होता.

तेव्हा नशेची मात्रा जास्त होऊन कॉय स्वयंपाकघरात निळा पडला होता. त्याची बहीण ट्विला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हेगरनं येऊन त्याच्या नाकात नशेवरच्या उताऱ्याचा फवारा मारला, कॉयला श्वास आला, आणि हा शहाणा तिच्यादेखत आपल्या जोडीदाराला म्हणाला, "एक फवारा फुकट गेला. असल्यांना किती वेळा उठवायचं?"

ट्विलानं तक्रार केली. आमच्या पोलिसांच्या नव्या चीफबाईंचा नियम असा, की असं बोलणाऱ्या पोलिसानं चर्चच्या तळघरात आमच्यापुढे यायचं. आमच्यापुढे म्हणजे नशेतून बाहेर पडलेल्यांपुढे. पिस्तूल काढून ठेवायचं. ज्याच्या मनाला लागलंय त्यानं बोलायचं, पोलिसानं ऐकून तेच परत सांगायचं, आणि समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. ही बैठक मी चालवते. पण पोलिसांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथं येऊन चुळबुळ करणारे आणि घड्याळाकडे बघणारेच मी जास्त पाहिले होते.

ट्विलाच्या तक्रारीची बैठक नेमकी त्याच दुपारी होती. कॉयही आला, पण खाली न उतरता जिन्याच्या पायरीवरच बसून राहिला. म्हणाला, "आधी त्याला बोलू दे. मग बघू."

ट्विलानं सगळं सांगितलं. रडली नाही. मग हेगरनं घसा खाकरला.

"सदर महिलेचं म्हणणं असं, की तिचा भाऊ बेशुद्धावस्थेत आढळून आला..."

"नाही," ट्विला म्हणाली.

"घटनास्थळी उपस्थित अधिकाऱ्यानं अनुचित उद्गार काढले..."

"अधिकाऱ्यानं? कोण गं बाई तो? मला भेटव तरी एकदा!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. हेगरचे कान लाल झाले. "मिस ओपल, मी बरोबरच सांगतोय ना?"

"पोरा, तुला रिपोर्ट लिहायला नाही बोलावलं," मी म्हटलं. "तुझं ते सदर आणि उपस्थित राहू दे ठाण्यात."

त्यानं जिन्याकडे पाहिलं. मला वाटलं, उठून जाणार. उठला खरा, पण खुर्ची मागं सरकवून सरळ फरशीवर मांडी घालून बसला.

"माझा भाऊ माझ्या मांडीवर आहे," तो ट्विला होऊन म्हणाला. "त्याचे ओठ निळे पडलेत. मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसलेय, पण श्वास जाणवत नाही. पोलीस आला तेव्हा मला हायसं वाटलं. कॉयनं श्वास घेतला. मी त्या पोलिसाला मिठीच मारणार होते. आणि तो म्हणाला..." इथं त्यानं ट्विलाकडे पाहिलं. "तो म्हणाला, फवारा फुकट गेला. तो पोलीस म्हणजे मीच. मी हेगर."

हायसं वाटल्याचं, मिठीचं, ट्विला एका शब्दानं बोलली नव्हती. ते या माणसाला कुठून कळलं? मी या तळघरात पुष्कळ ऐकलंय, पण असं कधी ऐकलं नव्हतं.

ट्विला खुर्चीतून पुढे वाकली. "हो," ती म्हणाली. "हेच."

"आता तुझी बाजू मांड," मी हेगरला म्हटलं.

"माझी काही बाजू नाही," तो म्हणाला. "मला माफ कर, ट्विला. कॉय, तूही." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "ती खाट अजून आहे ना?"

आम्ही सगळे बाहेर आलो. हेगरनं सवयीनं गाडीचं मागचं दार उघडलं. आत लोखंडी जाळी. कॉयचे पाय जागीच थबकले. हेगरच्या ते लक्षात आलं. त्यानं दार लावलं, पुढचं उघडलं आणि सीटवरचं स्वतःचं जाकीट उचललं.

"नियमात बसतं का हे?" कॉयनं विचारलं.

"नाही. विचारतो." त्यानं रेडिओ घेतला. "चीफ, एकाला केंद्रात नेतोय. पुढच्या सीटवर."

"अटक आहे का?"

"नाही. पाहुणा आहे."

थोडी खरखर झाली. मग चीफबाई म्हणाल्या, "पट्टा लावायला सांग त्याला."

कॉय पुढे बसला. आणि काही कळायच्या आत ट्विला मागच्या जाळीत शिरली. दार तिनं स्वतःच ओढून घेतलं.

"अगं वेडे," कॉय मान वळवून ओरडला, "ते दार आतून उघडत नाही!"

"माहितेय," ट्विला म्हणाली. "पोचल्यावर हेगर उघडेल."