एक आण्याची मेहर

माणसाला गंडवताना गफूरभाईंचा आवाज फार गोड व्हायचा. मुलाच्या निकाहाच्या दिवशी तर त्यातून नुसता मध गळत होता.

आखातातल्या अल मलाझ वस्तीत, नवरीचा बाप जमालुद्दीन याच्या फ्लॅटवर मौलाना पेन उघडून बसले होते. नवऱ्यानं नवरीला द्यायची ठरलेली मेहर वीस हजार रियाल, रोख. नवरी अफशाँ सरकारी हॉस्पिटलात नर्स. सहा वर्षांचा पगार रत्नागिरीच्या घराच्या स्लॅबात गेलेला. मेहर तेवढी तिची एकटीची होणार होती.

गफूरभाईंनी रोख काढलीच नाही. काढलं ते प्लास्टिकच्या पाकिटातलं पुठ्ठ्याचं चिटोरं, बसच्या तिकिटाएवढं.

"महायुद्धात तांबं सगळं गोळ्यांत गेलं. सुट्टी नाणी मिळेनात, म्हणून एका संस्थानानं हे छापलं. एक आणा! आज वीस हजाराला मरण नाही. रोख काय, कोणीही देतो."

वऱ्हाडी नंदीबैलासारखे माना डोलवू लागले. जमालुद्दीन तर डोळे पुसत आतल्या खोलीच्या दाराशी आला. "राजाचा शिक्का हाय गो त्याच्यावर!"

दाराआडून अफशाँ सगळं ऐकत होती. युद्धात लोकांनी नाइलाजानं घेतलेला पुठ्ठा आज भर निकाहात तिच्या गळ्यात मारत होते, आणि तिचा बाप त्याला नमस्कार करायचाच बाकी होता.

"चाचा, विकलं तर वीस हजार येतील?"

"जास्तच येतील, बेटी!"

"मग मौलानासाहेब, लिहा. किंमत वीस हजार. कमी आली तर फरक गफूरचाचा भरतील."

मध तिथंच आटला.

"असं कुठं लिहितात? आणि विकायचं कशाला? आमच्याच आल्बममध्ये राहील की सांभाळून."

"म्हणजे मेहर माझी आणि आल्बम तुमचा?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. तेव्हा शारीकला कंठ फुटला. ओलाया भागातल्या ऑफिसात चाळीस जणांवर डाफरणारा हा शूर नवरदेव.

"अफशाँ, प्लीज, अॅडजस्ट कर ना. आता कॅश कुठून आणू?"

"मोबाइलवरून पाठवा. दोन मिनिटं लागतात."

शारीकनं बापाकडे पाहिलं. बापानं मान हलवली. शारीकनं मोबाइल खिशात टाकला.

मौलाना खाकरले. "बेटी, कबूल?"

"नाही. खलास."

मौलानांनी पेनाला टोपण लावलं. गफूरभाई उठले. पाकिटावर कुणाच्यातरी बोटाचा तेलकट ठसा उमटला होता, तो शेरवानीच्या बाहीनं पुसत पुसत ते जिना उतरले. नवरदेव मागून येतोय की नाही, हे त्यांनी वळून पाहिलंही नाही.