पाठवणीची रेकॉर्ड

"आबा, गाणारा बाप्या नाय, बाई हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि हळदीच्या पिवळ्या हातांनी तोंड दाबून हसत सुटली.

मुंजाबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पडेगावच्या लग्नांना त्यानं आयुष्यभर लाउडस्पीकर पुरवला. ही छोटी रेकॉर्ड दौलताबादला आलेल्या एका अमेरिकन पाहुण्यानं दिलेली. तिकडच्या खेड्यातलं गाणं, एवढंच कळलं. मधलं भोक एवढं मोठं की मुंजाबानं लाकडाची चकती कोरून ती मशीनवर बसवली. पण वेगाचा खटका मोठ्या रेकॉर्डींच्या संथ वेगावर गंजून अडकलेला, त्यामुळं आवाज जाडाभरडा, दमलेला यायचा. लेकीचा बाप रडतोय, असं गावानंच ठरवलं. मग या गाण्याशिवाय पाठवणी होईना.

आज ज्ञानेश्वरीचं लग्न. तिच्या बापानं, खंडेरावनं, सकाळी खटक्याला तेल घातलं आणि तो पंचेचाळीसवर सरकला. छोट्या रेकॉर्डचा खरा वेग तोच. आता एक तरणीताठी बाई ठेक्यात गात होती.

"लई हसतील लोक," मुंजाबा म्हणाला. "नाचायच्या गाण्यावर गाव रडवलं म्या. जुन्याच वेगावर लाव, खंडू."

"मला असंच पायजे, आबा," नात म्हणाली. "मला रडत नाय जायचं."

"माझ्या लेकी रडत गेल्या," बानाबाई नवऱ्याला म्हणाली. "हिला तरी हसत जाऊ द्या. तुमचं नाव काय एवढ्यानं बुडतंय व्हय?"

मुंजाबाला नाव बुडायचीच भीती होती.

संध्याकाळी त्यानंच सुई टेकवली. बायकांनी डोळ्यांना लावायला पदर वर घेतले होते, ते तसेच राहिले. मग एक म्हातारी फिसकन हसली. "आमाला फुकट रडवलंस की रं, मुंजाभाऊ," ती म्हणाली आणि बानाबाईला ओढून फुगडी घालू लागली. मांडव हसण्यानं दणाणला. मुंजाबालाही हसू आवरेना. त्याला फार बरं वाटलं.

पण संथ वाजायचं तेव्हा हे गाणं गाडी वळणाआड जाईपर्यंत पुरायचं. आज ते लवकर संपलं. गाडी दारातच उभी, आणि आत नात वाट बघत होती.

एवढ्या पाठवण्यांत, स्वतःच्या लेकींच्यासुद्धा, मुंजाबा मशीन सोडून कधी गाडीपाशी गेला नव्हता. त्यानं सुई उचलून ठेवली, हात धोतराला पुसले आणि तो गाडीकडं चालू लागला.