चुकलेला फर्मा

आमचे बाबा पुस्तकं बांधायचे. राग कायम नाकावर आणि नाक कायम खळीच्या भांड्यावर. घराची पुढची खोली हेच दुकान, त्यामुळे आमच्या जेवणालासुद्धा खळीचा वास यायचा. आज पन्नाशी उलटली तरी कुठे तो वास आला की मला रडू येतं.

दिवेलागणीला बाबा बायबलातले, म्हणजे आमच्या शास्त्रातले, संदेष्टे मोठ्यानं वाचत. शहरं ओस पडायची, भिंती कोसळायच्या, आणि मग देव विरघळला की बाबांचा आवाजही मऊ व्हायचा. एक संदेष्टा तर देवानं अख्ख्या शहराला माफ केलं म्हणून रुसून बसला होता. दादा माझ्या कानात म्हणायचा, हे अगदी आपले बाबा. हसू दाबता दाबता माझ्या नाकी नऊ यायचे.

दादा बावीस वर्षांचा असताना आमच्या चर्चच्या पाळकांचं जुनं शास्त्र बांधायला आलं. त्यांच्या गेलेल्या बायकोनं समासात पेन्सिलीनं बारीक टिपणं लिहिली होती. दादानं गप्पांच्या नादात कटिंग मशीनचा दांडा ओढला आणि टिपणांसकट समास उडाले. बाबांनी त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढलं. म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." दादा दुसऱ्या गावी एका छापखान्यात लागला.

ते पुस्तक मग बाबांनी स्वतः शिवलं. मला दोरासुद्धा ओवू दिला नाही. पाळक पुस्तक घेऊन गेले, टिपणांबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्या दिवसापासून वाचन बदललं. बाबा शिक्षेपर्यंत वाचत आणि देव विरघळायला लागला की पुस्तक मिटत. "उद्या," म्हणत, आणि उद्या दुसराच संदेष्टा काढत. सात महिने आमच्या घरात कोणालाही क्षमा झाली नाही. आईनं एकदा विचारलं, पुढचं कधी वाचणार? बाबा म्हणाले, ते मला पाठ आहे. "पाठ असून काय उपयोग," आई म्हणाली आणि आत गेली. ती कधी उलट बोलत नसे.

मग एका दुपारी पाळक ते शास्त्र काखेत मारून आले आणि एक पान उघडून त्यांनी बाबांपुढे ठेवलं. बाबांनी चष्मा चढवला, चार पानं मागे गेले, चार पुढे आले. सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे उलटसुलट शिवले गेले होते. देवानं लोकांना आधी माफ केलं होतं, आणि त्यांचे गुन्हे नंतर आले होते. तीस वर्षांत बाबांच्या हातून असं झालं नव्हतं. ते शिवण उसवायला सुरी शोधू लागले.

पाळकांनी पुस्तक ओढून घेतलं. "राहू द्या. मला असंच वाचायची सवय झाली आहे." मग म्हणाले, "मुलाला तर घालवलंत. आता तुम्हाला कुठे पाठवू?"

 पाळकांनी पाणी मागितलं, प्यायले आणि गेले.

त्या संध्याकाळी बाबांनी तो रुसलेला संदेष्टा काढला. माफीच्या जागी आले आणि चष्मा काढून ठेवला. त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी शेवटपर्यंत वाचलं. आई डोळे पुसत होती. बाबा म्हणाले, "उद्या त्याला पत्र टाक. लिही, मीच चुकलो."

चौथ्या दिवशी दादा पिशवी घेऊन दारात उभा राहिला. आत यावं की नाही, त्याला कळेना. बाबांनी वर न पाहता खळीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"हात धू आणि ये. घट्ट होतेय."

बाबा गेले, पाळकही गेले. ते शास्त्र पाळकांनी दादाच्या नावे ठेवलं होतं. दुकान आता दादाच चालवतो. शास्त्राचा पुठ्ठा त्यानं दोनदा बदलला, पण शिवणीला सुरी लावली नाही. दिवेलागणीला आम्ही दोघं म्हातारे त्यातून वाचतो, बाबांनी शिवलं त्याच क्रमानं.