हिरव्या गाठीतले वीस डॉलर

फहमिदाची सुई आज पुन्हा मोडली. सकाळी मोडली तेव्हा तिनं कापडाला दोष दिला होता. आता संध्याकाळी कापड साधं सुती होतं आणि दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.

पौडच्या बाजारात तिचं शिलाईचं दुकान. एक गाळा, एक मशीन, भिंतीला टांगलेले गावोगावच्या बायांचे ब्लाऊज. समोरच्या बाकड्यावर माले गावची उज्वला बसली होती. धरणाकाठच्या रिसॉर्टात ती खोल्या आवरते. काम सुटलं की नवरा सिद्धनाथ मोटरसायकल घेऊन येईस्तोवर इथं टेकते.

"भाभी, माझा ब्लाऊज शिवताय का त्याच्यावर राग काढताय?"

"राग न्हाई गं. मेहविशचा फोन यायचाय."

मेहविश म्हणजे फहमिदाची लेक. पुण्याजवळ सूसला राहते. नवऱ्याबरोबर, आयानबरोबर, बार्बाडोस नावाच्या बेटावर फिरायला गेली होती. फहमिदाला ते नाव अजून धड म्हणता येत नव्हतं. ती नुसतं 'बेट' म्हणायची. आपल्याकडे दिवे लागतात तेव्हा तिकडे सकाळ असते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आज ती दोघं परत निघायची होती.

फोन वाजला. फहमिदानं तो स्पीकरवर टाकून मशीनवर ठेवला.

"अम्मी, घाबरू नकोस, पण…"

"पण म्हटलंस तितंच घाबरले मी. बोल."

रात्री बेटावर वादळ होऊन गेलं होतं. वीज नव्हती. कार्डाचं यंत्र बंद, एटीएम बंद. खोलीचे पैसे आधीच भरले होते म्हणून निभावलं. पण विमानतळावर जायला बस आणि बसला रोख पैसे लागतात. आयाननं हॉटेलवालीला विचारलं, रस्त्यावरच्या माणसांना विचारलं, 'रोख द्या, पैसे फोनवरून पाठवतो' म्हणाला. माणसं हसली आणि आपापल्या घराचे पत्रे शोधायला गेली. दुपारचं विमान चुकलं तर पुढची सगळी विमानं चुकणार होती.

"रोकड अजिबात नाही जवळ?"

"नाही ना. आयान म्हणाला होता, आता रोकड कोण बाळगतं."

हे वाक्य फहमिदानंही ऐकलं होतं, याच गाळ्यात. जावई हिंजवडीच्या कंपनीतला, मिरच्या-कोथिंबीरसुद्धा फोन दाखवून आणणारा. त्याला काय बोलावं? ती मनातल्या मनात लेकीच्या दंडाला बांधलेल्या हिरव्या गाठीपाशी जाऊन उभी राहिली.

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दंडाला इमाम जामीन बांधायचा, ही त्यांच्या घरची रीत. हिरव्या कापडात नाणं शिवायचं, दुआ करायची, गाठ मारायची. माणूस सुखरूप पोचला की ते नाणं तिथल्या गरजूला द्यायचं. यंदा नाणं शिवताना फहमिदाचा हात अडला होता. रुपया घेऊन त्या बेटावरचा गरीब काय करील? चणेसुद्धा यायचे नाहीत. त्याच आठवड्यात उज्वला वीस डॉलरची नोट घेऊन आलेली. रिसॉर्टातल्या कुणा पाहुण्यानं तिच्यासाठी उशीवर ठेवलेली. बँकेत तिला नाना कागद मागितले, सोनारानं निम्मा भाव सांगितला. फहमिदानं पेपरात भाव पाहून तिला पुरते रुपये दिले आणि नोट घडी करून हिरव्या कापडात शिवली. लेकीला एवढंच सांगितलं, गाठ न उघडता तशीच द्यायची.

पोचल्या दिवशी विचारलंही होतं. 'दिलास का जामीन?' 'हो, दिला की अम्मी.' उत्तर फार पटकन आलं होतं.

आता फहमिदानं डोळे मिटले. जन्मभर तिनं लेकीला खोटं बोलू नको म्हणून शिकवलं. आणि आज पहिल्यांदा तिच्या तोंडी दुआ होती, या अल्ला, पोरगी खोटं बोललेली असू दे.

"मेहू, खरं सांग. तू तो जामीन दिलास?"

तिकडे वारा वाजत होता.

"अम्मी, आता ते कशाला…"

"दिलास का न्हाई?"

"नाही. विमानतळावर दंड तपासतील म्हणून काढून पर्समध्ये टाकला. मग राहूनच गेलं. तू रागावशील म्हणून… सॉरी."

"रागवीन, घरी आल्यावर. आधी तो उसव. आत वीस डॉलरची नोट हाय."

"रुपया नाही?"

"दातानं उसव. टीप पक्की हाय."

"अम्मी, पण ते दानाचं आहे. आपण कसं…"

फहमिदानं मोडक्या सुईचा तुकडा मशीनवरून उचलून ठेवला. मग म्हणाली, "वाटंवर अडलेला माणूस गरजूच असतो. भाडं तुमचं. उरल ते ज्याचं त्याला दे."

"फोन बंद पडतोय, अम्मी…"

पडलाच.

फहमिदा उठली, दारात गेली, परत आली. पाण्याचा तांब्या उचलला, न पिता ठेवला. कात्री सरळ केली, पुन्हा आडवी केली. रस्त्यावरून भरे गावाकडच्या कारखान्याची बस गेली तशी तिनं मान वळवून पाहिलं, जणू लेक त्यातूनच उतरायची होती.

"बसा की भाभी," म्हणून उज्वला हलक्या आवाजात गुणगुणू लागली. तिच्या घरच्या बाया मेंढरांमागं चालताना म्हणतात, त्या चालीवर शब्द मात्र आत्ताचे.

लेक गेली दूरदेशी, तिच्या दंडाशी हिरवी गाठ,
समुद्राच्या रं वाऱ्या, तिला दाव माघारी वाट.

मग ती एकदम थांबली. "भाभी, टीप हातानं घातली का मशिनीवर?"

"मशिनीवर. दुहेरी. सुटू नये म्हणून."

"नोटंवरनं?"

फहमिदानं मशीनकडे पाहिलं. कापडासकट नोटेवरूनच सुई फिरवली होती तिनं. आपल्याकडे नोटेला भोकं असली म्हणून कोण विचारतं?

"आमच्या काउंटरवरचा साहेब बाहेरची नोट उजेडाला धरून बघतो," उज्वला म्हणाली. "नुसती पेनाची रेघ दिसली तरी माघारी देतो."

"हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुमी तिला शिवणार हे मला काय सपान पडलं व्हतं?"

उज्वलाचा ब्लाऊज एका बाहीवर अडला. सिद्धनाथ आला, हॉर्न वाजवला. उज्वलानं त्याला हातानंच थांब म्हटलं. तो गाडी बंद करून पायरीवर बसला आणि काय झालं ते न विचारता तंबाखू मळू लागला. रात्रीची, इशाची अजान होऊन गेली. फहमिदाला राहून राहून तीच टीप दिसत होती, बारीक, सरळ, एकही टाका न सुटलेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या हाताच्या सफाईचा राग आला.

फोन वाजला तेव्हा तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"अम्मी, पोचलो. विमानतळावर आहोत. इथं वीज आहे, फोन थोडा चार्ज केला."

फहमिदा मशीनच्या कडेला टेकली. "नोट घेतली?"

"बसवाल्यानं नाही घेतली. भोकं बघून हसला. मग रस्त्याकडेला नारळ विकणाऱ्या आजीनं घेतली. विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझ्या आईनं शिवलीय. तिनं नोट कमरेच्या पिशवीत टाकली आणि चाळीस दिले. इथल्या डॉलरमध्ये, पुरते. अमेरिकेच्या एका डॉलरचे इथं दोन."

"आन उरलेले?"

"अजून दिले नाहीत. खरं सांगतेय. परत त्याच कापडात बांधून दंडाला बांधलेत. घरी आल्यावर देऊ?"

"हितं आणून कुणाला चालायचेत ते? मग तेच, बँक आन सोनार. तितंच दे, विमानात बसायच्या आधी. आता कोण दिसतंय?"

"कुणी गरीब वगैरे नाही गं. सगळे बॅगावाले. एक मावशी फरशी पुसतायत फक्त. वादळात घर गेलं का काय, पायात दोन वेगळ्या चपला आहेत."

फहमिदानं उज्वलाकडे पाहिलं. उज्वला आपल्या पायांकडे बघत होती.

"तिलाच दे," फहमिदा म्हणाली. "आन फोन चालू ठेव."

वाऱ्याचा आवाज आता नव्हता. पावलं ऐकू आली, मग मेहविशचं इंग्रजी, मग एक जाड, थकलेला बाईचा आवाज, मग त्याच आवाजातलं हसू. काय बोलणं झालं ते इकडे कुणाला कळलं नाही.

उज्वला उठली. पदर खोचला, पिशवी उचलली आणि दारात वळून म्हणाली, "बरं झालं भाभी. तिला तिच्याच गावचा पैसा मिळाला. बदलून घ्यायला हिंडावं लागायचं न्हाई."

फहमिदानं मशीनमध्ये नवी सुई बसवली.