बेबी रेणूची उंची

फोन आला तेव्हा रेणू स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा काढत होती. तिला आता स्टूल लागत नव्हतं. तिची आई विमल फोन कानाला लावून तिच्या टाचांकडे बघत राहिली. टाचासुद्धा उचलल्या नव्हत्या पोरीने.

पलीकडून प्रॉडक्शन मॅनेजर सत्यमूर्ती बोलत होते. चौदा महिने अडकलेलं शूटिंग सोमवारी परत सुरू होणार होतं. नायकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तो आता पळू शकत होता. मोठा असा एकच प्रसंग राहिला होता: बसस्टँडवर हरवलेली मुलगी बापाला सापडते आणि तो तिला उचलून गर्दीतून पळत सुटतो. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पापा तशीच आहे ना, अम्मा? फार वाढली तर नाही?" तेलुगूत लहान मुलीला पापा म्हणतात, सगळं युनिट रेणूला त्याच नावाने ओळखायचं.

"नाही," विमल म्हणाली. "तशीच आहे."

फोन ठेवल्यावर तिने रेणूच्या हातातून डबा घेतला आणि परत फळीवर ठेवून दिला.

रेणू सहा वर्षांची असताना एका बिस्किटाच्या जाहिरातीत दिसली होती. पुढचे दोन दात पडलेले, त्या फटीतून फुसफुसत येणारं तेलुगू आणि गालाला खळी. तिथून पहिला सिनेमा मिळाला आणि पडद्यावर नाव आलं, बेबी रेणू. पुढची दोन-तीन वर्षं नल्लकुंट्यातल्या घरातून भाजी आणायला बाहेर पडणं मुश्किल झालं होतं. लोक पोरीचे गाल ओढत, तिला कडेवर घेऊन फोटो काढत, सिनेमातलं वाक्य बोलून दाखवायला सांगत. विमलने विद्यानगरच्या शाळेतली नोकरी सोडली. प्रत्येक वाक्य ती घरी रेणूकडून घोटून घ्यायची. कुठे थांबायचं, ओठ कधी मुडपायचे, मान खाली ठेवून डोळे कधी वर करायचे, हे सगळं तिचं शिकवलेलं. दिग्दर्शक नुसतं 'पापा, कर' म्हणायचे.

मग रेणूला दात आले.

नंतरचे दोन सिनेमे पडले. त्यात रेणूचं काम काही वाईट नव्हतं. पण लोकांना जे हवं होतं ते तिच्याकडे राहिलं नव्हतं, आणि ते कुठे गेलं हे तिला विचारून उपयोग नव्हता. एकदा अंबरपेठेत एका दुकानात एका बाईने रेणूला ओळखलं, पर्समधून घाईघाईने मोबाइल काढला, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "अरे, कित्ती बडी हो गई जी," म्हणाली आणि फोटो न काढताच मोबाइल परत पर्समध्ये टाकला. बाई वाईट नव्हती. फक्त तिची निराशा झाली होती. विमलला मात्र तो मोबाइल परत आत जाताना दिसला तो कायमचा.

आता हातात हा एकच सिनेमा होता. त्यातली मुलगी आठ वर्षांची. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा रेणू साडेदहाची होती आणि खपून जात होती. आता ती बारा वर्षांची झाली होती. दोन महिन्यांपूर्वी तिला पाळीही आली होती. शेजारच्या भाग्यम्माच्या मुलीचं असं झालं तेव्हा गल्लीत मांडव पडला होता, पोरीला साडी नेसवून तिच्या फोटोचा फलक लावला होता. विमलने घराबाहेर अवाक्षर काढलं नाही. ही बातमी गल्लीतून स्टुडिओत पोचायला दोन दिवस पुरले असते.

सोमवारला सहा दिवस होते. पहिल्या दिवशी तिने रेणूचं दूध बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून पोळी एकच, भात दोन घास. सहा दिवसांत उंची कमी होत नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण गाल उतरले, अंग आटलं, तर कॅमेऱ्यात पोरगी लहान दिसेल असं तिच्या मनाने घेतलं, आणि एकदा घेतल्यावर ते सुटेना. घट्ट बनियन घालून रेणूला ती पोक काढून चालायला लावायची. रेणू चालायची. एकदाही तिने भूक लागली म्हटलं नाही, आणि याचंच विमलला आतून भय वाटत होतं. पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं.

सिकंदराबादला रेल्वेत असलेल्या तिच्या नवऱ्याने, विनयने, गुरुवारी ताटाकडे बघून विचारलं, पोर जेवत का नाही. विमल म्हणाली, पोट बिघडलंय. विनयने रेणूकडे पाहिलं. रेणूने मान हलवून हो म्हटलं.

सोमवारी सेटवर पिवळा फ्रॉक आला, चौदा महिन्यांपूर्वी शिवलेला. तो पाठीवर मिटेना. कपडेपटाच्या म्हाताऱ्या शिंप्याने बाजूची शिवण उसवली, आतलं दाबलेलं कापड मोकळं केलं, तरी चेन अर्ध्यावरच राहिली. त्याने विमलकडे एकदा पाहिलं आणि पाठीला पिना लावल्या. बुटांत रेणूची बोटं वळून बसली. सकाळी घरून निघताना विमलने तिला फक्त चहा दिला होता.

बसस्टँडचा सेट उघड्यावर होता आणि ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं. दीडशे माणसांची गर्दी उभी केली होती. पहिल्या टेकला नायकाने धावत येऊन रेणूला उचललं आणि तिचे पाय त्याच्या गुडघ्यांच्याही खाली लोंबले. दिग्दर्शक मॉनिटरकडे बघत राहिले. पुन्हा. आता तिला पाय दुमडायला सांगितलं. ती पाय दुमडून चिकटली, पण तिची हनुवटी त्याच्या डोक्याच्या वर गेली. पुन्हा. तिसऱ्या वेळी नायक चार पावलांवर थांबला आणि गुडघा चोळू लागला. गर्दीतलं कोणीतरी हसलं. विमल छत्रीखाली उभी होती. तिच्या हातातली पाण्याची बाटली चेपली गेली होती, आणि पोरीला पाणी द्यायला आपण पुढे का होत नाही हे तिचं तिलाच कळत नव्हतं. पुढे गेलं की सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे जाईल, कोणीतरी काहीतरी विचारेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सहाव्या टेकला सगळं जुळून आलं. नायकाने उचललं आणि रेणूने मान त्याच्या खांद्यावर टाकली ती अशी, की जीव गोळा करून वाट बघत बसलेल्या पोराने बाप दिसताच अंग सोडून द्यावं. हात लोंबकळले, एक बूट गळून पडला. नायक गर्दी कापत पळत गेला. दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभे राहिले. "ओके," ते ओरडले, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या.

विमलनेही टाळी वाजवली. तिसऱ्या टाळीला तिचे हात थांबले. हे तिने शिकवलेलं नव्हतं.

नायक पलीकडच्या टोकाला थांबला होता आणि खांद्यावरच्या मुलीला हलवत होता. मुलगी हलत नव्हती.

तिला सावलीत बाकावर निजवलं. सेटवरच्या नर्सबाईंनी पिना काढून फ्रॉक सैल केला, बनियन कापलं, तोंडावर पाणी मारलं, नाडी धरली. विमल गुडघ्यांवर बसली होती आणि पोरीचे तळपाय चोळत होती. बुटाने बोटांवर लाल वळ उठले होते. रेणूने डोळे उघडायला चार-पाच मिनिटं लागली असतील.

नर्सबाईंनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं हिने?"

विमलच्या तोंडून शब्द फुटायच्या आत रेणूच बोलली. तेलुगूतून, आणि त्या जुन्या बोबड्या आवाजात. "अम्माने इडली दिली होती. मीच नाही खाल्ली. मी हट्ट केला." मग ती किंचित थांबली, ओठ मुडपले, आणि मान खाली ठेवून तिने डोळे वर केले.

आजूबाजूची माणसं हसली. सत्यमूर्तींनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, द्वाड आहे पोरगी. कोणीतरी ग्लुकोज आणायला पळालं. सगळं निभावलं होतं. विमलने फक्त गप्प बसायचं होतं.

ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती. वाक्याच्या शेवटचं थांबणं तिचं, ओठ मुडपणं तिचं, डोळे वर करणं तिचं. आईला वाचवायला पोरीने आईनेच दिलेलं सगळं बाहेर काढलं होतं, आणि पोरीच्या ओठांना रंग नव्हता.

"ती खोटं बोलतेय," विमल म्हणाली. "मी दिलं नाही. सहा दिवस मी तिला उपाशी ठेवलंय. ती बारा वर्षांची आहे. मोठी झालीय ती."

रेणूने डोळे मिटून घेतले. माणसं एकेक करून बाजूला झाली. नर्सबाई तेवढ्या राहिल्या. त्यांनी विमलचा हात पोरीच्या पायावरून उचलून बाजूला ठेवला आणि स्वतः चोळायला बसल्या.

नंतर सत्यमूर्तींनी विमलला जनरेटरच्या गाडीमागे नेलं. ते ओरडले नाहीत. दोन आठवड्यांपूर्वीच त्यांच्या माणसाने रेणूला शाळेच्या बसथांब्यावर पाहिलं होतं, गणवेशात. त्यांना सगळं माहीत होतं. पाठमोऱ्या दृश्यांसाठी आठ वर्षांची दुसरी मुलगी, त्याच कापडाचा फ्रॉक घालून, सकाळपासून व्हॅनमध्ये बसली होती. "डायरेक्टर सर म्हणाले, पापाला एक संधी देऊ. चेहरा तिचाच हवा. बाकी काय, आम्ही करून घेतलं असतं," ते म्हणाले. मग निघताना म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं, अम्मा."

विमल तिथेच पडलेल्या टायरवर बसली.

विनयला तिने सगळं स्वतःच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्या दिवसापासून रेणूचं ताट तो वाढू लागला, आणि सकाळची ड्यूटी असली तर डबा भरून, ती खाईपर्यंत समोर बसून मगच स्टेशन गाठू लागला. विमलशी तो जवळजवळ महिनाभर कामापुरतंच बोलला. रेणू मात्र बोलत होती, नेहमीसारखी, आणि ते विमलला जास्त जड गेलं.

सिनेमा संक्रांतीला लागला. रेणूने हट्ट धरला म्हणून दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. तो सहावा टेक जसाच्या तसा ठेवला होता, बूट गळून पडतो तोसुद्धा. थिएटरात हुंदके ऐकू येऊ लागले. वर्तमानपत्रांनीही लिहिलं होतं की एवढ्या लहान मुलीने असा अभिनय क्वचित केला असेल. विमल पडद्याकडे बघू शकली नाही. ती मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. शेजारी रेणू एग पफ खात सगळं नीट बघत होती.

बाहेर पडताना दारात दाटी झाली. पुढची एक बाई पदराने डोळे पुसत मागे वळली, रेणूच्या डोक्यावरून विमलला म्हणाली, "ती पोरगी कसली गोड होती ना," आणि रेणूला जरा सरकायला सांगून निघून गेली.

रिक्षात बसल्यावर रेणू म्हणाली, "आई, त्या दिवशी मी नर्सबाईंना सांगितलं ना, इडलीचं. ते चांगलं झालं होतं का गं?"

विमलने तिच्याकडे पाहिलं. पोरगी खरंच विचारत होती.

"सगळ्यांना पटलं होतं," रेणू म्हणाली. "तू बोललीस म्हणून, नाहीतर."

"हो," विमल म्हणाली. "चांगलं झालं होतं."

"मग तू का सांगितलंस?"

रिक्षा खड्ड्यातून गेली, रेणूचं डोकं वरच्या दांडीला आपटलं, आणि ती डोकं चोळत खाली सरकून बसू लागली. विमलने तिच्या पाठीला हात लावून तिला ताठ बसवलं.