तनयच्या वाटणीची समाजसेवा

अंजली देवस्थळीचा मुलगा गुन्हेगार नव्हता. हे तिने बाल न्याय मंडळाच्या दारात उभं राहून वकिलाला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं आणि चहा घेऊन आलेल्या माणसालाही सांगितलं. कायद्याचंही म्हणणं तेच होतं. सोळा वर्षांच्या मुलाला आरोपी म्हणायचं नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं, असं वकिलाने समजावलं तेव्हा तिला बरंच हायसं वाटलं. शब्द कसा भारदस्त होता. जणू तनयने कायद्याशी काही तात्त्विक वाद मांडला होता.

वाद असा की, एका रविवारी सकाळी आईबाप साखरझोपेत असताना त्याने बापाची नवी गाडी काढली, सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, फाटकातून सुसाट बाहेर पडला आणि वळणावर उभ्या असलेल्या देवाप्पाच्या इस्त्रीच्या गाड्यावर ती घातली. देवाप्पाचं मनगट मोडलं. गाड्याचा चुराडा झाला, पेटते कोळसे गठ्ठ्यांवर सांडले आणि अर्ध्या लेआउटचे ऑफिसचे शर्ट जळून गेले. लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी फार हळहळ व्यक्त झाली. ती मुख्यतः शर्टांबद्दल होती.

श्रीरंगवर, म्हणजे तनयच्या बापावर, गाडी मुलाच्या हाती लागू दिल्याबद्दल वेगळी केस झाली. तो दंड भरून मोकळा झाला, देवाप्पाला भरपाई देऊन आला आणि आपलं पितृकर्तव्य संपलं असं समजून लॅपटॉप उघडून बसला. उरलेलं सगळं अंजलीवर आलं. ती एका आयटी कंपनीत एचआरची प्रमुख होती. चारशे माणसांना वळण लावायचा पगार घेत होती. घरातल्या एकाचं काय ते तिने हसत हसत केलं असतं.

मंडळाची खोली पाहून तिची जरा निराशाच झाली. उंच आसन नाही, पिंजरा नाही, पोलीस गणवेशात नाहीत. साधं टेबल, त्यामागे मॅजिस्ट्रेटबाई आणि दोन समाजसेवक सदस्य. मुलाने घाबरू नये म्हणून हे सारं असं असतं. तनय अजिबात घाबरला नाही. व्यवस्था यशस्वी झाली.

"जे झालं त्याबद्दल तुला काय वाटतं?" मॅजिस्ट्रेटबाईंनी त्याला विचारलं.

"मॅडम, त्याला फार वाईट वाटतंय," अंजली म्हणाली.

"मी त्याला विचारलं."

"हो, म्हणूनच. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

सकाळी तीन हाका मारून उठवलेल्या तनयने गंभीरपणे मान हलवली.

हुकूम निघाला. एका सरकारी हॉस्पिटलशेजारी पेशंटच्या नातेवाइकांसाठी ट्रस्टचं अन्नछत्र चालायचं. तिथे चार महिने दर शनिवारी मुलाने काम करायचं. वयाला झेपेल तेवढंच काम, धोक्याचं काही नाही. तिथल्या प्रमुखाने देखरेख करायची, प्रोबेशन ऑफिसर वादिराज यांनी अधूनमधून पाहणी करून मंडळाला अहवाल द्यायचा. सगळं नीट पार पडलं की प्रकरण बंद, आणि मुलाच्या माथ्यावर कसलाही डाग नाही.

बाहेर व्हरांड्यात अंजलीने वादिराजना गाठलं. "हे ऑनलाइन करता येईल का? तो मुलांना कोडिंग शिकवू शकेल."

"मॅडम, तिथे कांदे चिरायचे असतात."

"ओके. पण शेवटी सर्टिफिकेट मिळेल ना? ट्रस्टच्या लेटरहेडवर? बाहेरच्या युनिव्हर्सिटींना कम्युनिटी सर्व्हिस लागते."

कायद्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. वादिराज कन्नडमध्ये "सरी, नोडोण" म्हणाले, म्हणजे बघू, आणि आपल्या जुन्या स्कूटरकडे वळले.

पहिल्या शनिवारी तनय असा निघाला की जणू हिमालयात चाललाय. रबरी हातमोजे, टोपी, सनस्क्रीन, दोन बाटल्या पाणी आणि अन्नछत्रात उपाशी राहू नये म्हणून डबा. अंजली स्वतः गाडी चालवत होती. अन्नछत्राच्या फाटकात तिथली प्रमुख शिवलीला उभी होती. चिकोडीकडची बाई, पन्नाशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला.

"आमच्या भागातलं बोलताय की! कुठलं गाव?"

"पुणे."

"हां, मग लांबचं," शिवलीला म्हणाली. "पोराला सोडा आत. तुम्ही जावा."

"मी थांबते ना. त्याला सवय नाहीये."

"सवय नाही म्हणूनच धाडलंय की ओ कोर्टानं."

अंजली गाडीत जाऊन बसली. अर्ध्या तासात तनयचा फोन आला. आत एक पोतंभर कांदे आहेत, डोळ्यांची आग होतेय, आणि शेजारी बसलेला हरी नावाचा मुलगा त्याला हसतोय. अंजली 'दोनच मिनिटं' म्हणून आत गेली आणि मुलाला जरा डोळे धुवून येऊ दे म्हणून तिने विळी पुढ्यात ओढली. डोळे धुवायला तनयला दीड तास लागला.

हरी तिला पहिल्या नजरेत आवडला नाही. आनेकलचा, सतरा वर्षांचा, फ्लायओव्हरवर मोटरसायकल मागच्या चाकावर चालवताना पकडलेला. हाताला गोंदण. असल्यांची संगत नको, असं तिने मनात पक्कं केलं. त्याची आई कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती आणि शनिवारी तिला सुट्टी नसायची, म्हणून तो दोन बस बदलून एकटाच यायचा. डबा, टोपी, सनस्क्रीन यांपैकी काहीही जवळ नसताना तो दिवसभर तांदूळ धुवायचा.

पुढच्या शनिवारी तनयची टेस्ट होती. अंजलीने त्याला गाडीत एसी लावून अभ्यासाला बसवलं आणि "तेवढ्यापुरतं" म्हणत लसूण सोलला. त्यापुढच्या शनिवारी त्याला शिंका येत होत्या. स्वयंपाकघरात शिंकणं बरं नव्हे, म्हणून सामाजिक जबाबदारीच्या भावनेने तिने त्याला घरीच ठेवलं आणि स्वतः गेली. मग कोचिंग क्लासने शनिवारीच जादा तास ठेवले. ते काही मंडळाच्या हुकुमासाठी थांबणार नव्हते.

या अदलाबदलीला शिवलीलाची हरकत नव्हती. तिला माणूस हवं होतं, आणि ही पुण्याची बाई भाजी निवडण्यात पोरापेक्षा कितीतरी बरी होती. शिवाय गप्पांना मराठी मिळत होतं. दोघी मोठ्या परातीपाशी बसून गवार मोडायच्या आणि शिवलीला तिच्या सुनेचे गुन्हे एकेक करून मांडायची.

गंमत अशी, की अंजलीला ते आवडू लागलं. ऑफिसात ती दिवसभर माणसांशी बोलायची आणि संध्याकाळी काय केलं ते आठवायचं नाही. इथे दुपारी बाराला दार उघडलं की रायचूर, कलबुर्गीकडून आलेली दमलेली माणसं रांगेत उभी राहायची, तिने वाढलेला भात खायची आणि निघून जायची. कुणी फीडबॅक देत नव्हतं. हरीने तिला मोठ्या पातेल्यातला भात न मोडता कसा काढायचा ते दाखवलं. ती घरी येऊन श्रीरंगला म्हणालीसुद्धा, "मुलगा वाईट नाहीये रे तो. फक्त मार्गदर्शन मिळालं नाही."

"आणि तनय?" श्रीरंगने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं.

"तनयला मिळतंय की."

एका शनिवारी ती एप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून सांबार वाढत असताना रांगेतल्या एका माणसाने ताट पुढे केलं नाही. तिने वर पाहिलं. वादिराज होते.

"तनय कुठे आहे?"

"आत्ताच... म्हणजे आत्ता क्लासला गेलाय."

वादिराजनी शिवलीलाकडे पाहिलं. शिवलीलाने क्षणाचाही विलंब न लावता कन्नडमध्ये सगळं सांगून टाकलं. अंजलीला त्यातले 'मगा' आणि 'तायी' एवढेच शब्द कळले, मुलगा आणि आई. बाकीचं तिच्याकडे रोखलेल्या बोटावरून कळलं. तासाभरापूर्वी याच बाईच्या सुनेवर ती मनापासून च्‌च्‌ करत होती.

मंडळापुढे पुन्हा उभं राहावं लागलं. या वेळी श्रीरंगही रजा काढून आला. वादिराजनी अहवाल वाचला. ते विनोदी माणूस नव्हते, त्यामुळे तो अधिकच वाईट वाटला. "मुलगा पहिल्या दिवसानंतर कामावर आढळलेला नाही. त्याची आई मात्र नियमित येते. तिची वागणूक चांगली असून कामात लक्षणीय सुधारणा आहे. तिच्या हातून पुन्हा अपराध घडण्याची शक्यता दिसत नाही."

दोघा सदस्यांपैकी एकाने खोकल्यासारखं करून तोंडावर रुमाल धरला.

"कुटुंब म्हणून बघितलं तर, मॅडम, काम पूर्ण झालंय," श्रीरंग पुढे सरसावला. "आउटपुट तेवढंच आहे. उलट क्वालिटी..."

"तुम्ही बसा." मॅजिस्ट्रेटबाई अंजलीकडे वळल्या. "ज्यांचं मनगट मोडलं, त्यांचं नाव काय?"

अंजलीने तोंड उघडलं. तिच्या ओठांवर 'इस्त्रीवाला' एवढंच आलं. तीन वर्षं ती त्याला कपडे देत होती. तिने श्रीरंगकडे पाहिलं. तो चेकवर लिहिलेलं नाव आठवत असावा.

"देवाप्पा," तनय म्हणाला.

त्या खोलीत त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला होता. किंचित घोगरा, नुकता फुटलेला.

"ते आता कुठे आहेत?"

"मागच्या लेआउटला गाडा लावतात. प्लास्टर काढलंय. पण उजव्या हाताने जड इस्त्री अजून उचलता येत नाही, त्यांची बायको करते. मी सायकलवरून तिकडून जातो. थांबत नाही. लाज वाटते."

हे त्याने घरी कधीच सांगितलं नव्हतं. घरी विचारलं कुणी होतं म्हणा.

नवा हुकूम छोटा होता. मोजणी पहिल्यापासून सुरू. मुलाने बसने यायचं. पालकांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही.

नव्या मोजणीच्या पहिल्या शनिवारी तनय सकाळी एकटा बाहेर पडला. टोपी विसरला; अंजलीने ती हातात घेऊन लिफ्टपर्यंत धाव घेतली, पण दार मिटलं होतं. दिवसभर ती घरात अस्वस्थ फिरत राहिली. तिने फ्रिजमधली गवार काढून मोडली, आणि घरात ती कुणालाच आवडत नाही हे आठवून परत ठेवली. संध्याकाळी तनय कांद्याचा वास मारत आला, बोटाला चटका बसलेला, आणि भयंकर चिडलेला. एका म्हातारीच्या लुगड्यावर त्याने सारू, म्हणजे तिकडचं सार, सांडलं होतं आणि तिने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

"काय म्हणाली?"

"कळलं नाही. कन्नडमध्ये होतं." त्याने बूट भिरकावले. "हरी म्हणाला, न कळलेलंच बरं."

हरीचे हुकुमाचे शनिवार भरले होते. तरी तो त्या शनिवारी आला होता, तनयला काम दाखवायला. शिवलीलाने बोलावलं म्हणून, असं तनय म्हणाला. का, ते अंजलीने विचारलं नाही. त्या दिवसापासून तनय तिला फारसं काही सांगेनासा झाला. कुठली बस, कुठे बदलायची, आज काय चिरलं, सगळ्याला उत्तर एकच: "ठीक होतं."

दीड महिना तिने काढला. मग एका शनिवारी तिला राहवलं नाही. ती अन्नछत्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"नाही हं," शिवलीला किल्ल्यांवर हात ठेवून म्हणाली. "कोर्टाचं काम आहे."

"मी तनयसाठी नाही आले. मला काम करायचंय. अशीच, स्वयंसेवक म्हणून."

"पोरगा आत असेपर्यंत जमणार नाही बघा. माझ्या नावानं बोंब होईल." शिवलीलाचा आवाज जरा उतरला. "मलापण करमत नाही ओ. तुमचा पोरगा बोलतच नाही. नुसतं काम करतंय."

तक्रार होती की कौतुक, ते अंजलीला कळेना. ती गाडीकडे वळली. बाराची घंटा झाली आणि बाजूचं, जेवणाऱ्यांचं दार उघडलं. रांग सरकू लागली. त्या दाराबद्दल हुकुमात काही नव्हतं. अंजलीने पर्स काखेत घट्ट धरली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पुढच्या बाईने मागे वळून तिच्या कुडत्याकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "यारु अ‍ॅडमिट?" कोण अ‍ॅडमिट आहे, असा प्रश्न होता, एवढं तिला समजलं. तिने पुढे सरकलेल्या रांगेकडे बोट दाखवलं.

भाताच्या पातेल्यामागे तनय होता. घामाने केस कपाळाला चिकटलेले, मान खाली. तिने ताट पुढे केलं. त्याने डाव भरला, भात घातला, "सांबार?" म्हणाला आणि मग वर पाहिलं.

"आई? मला बघायला आलीस?"

"जेवायला आले."

मागे कुणीतरी ताट वाजवलं. तनयने सांबार वाढलं, नेमकं भाताच्या मध्यावर, एक थेंब बाहेर न सांडता.

"मग पुढे सरक," तो म्हणाला. "मागे लोक आहेत. आणि ताट धुवायचा नळ डाव्या हाताला."

अंजली पुढे सरकली. भिंतीशी रायचूरच्या बायकांशेजारी बसून ती जेवली. सांबारात मीठ कमी होतं. ते सांगायला ती अर्धवट उठली, रांगेकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बसून भात कालवू लागली.