बिनक्लचची मोटार

उमरग्यात त्या काळी मोटारी होत्या त्या मोजक्याच, आणि त्यातली एक अशी होती की तिला क्लचच नव्हता. खोटं वाटेल, पण खरं आहे. पायाखाली दोनच पेडल, एक पळायचं आणि एक थांबायचं. गिअर बदलायचं काम गाडी आपलं आपण करायची. खाली तेलानं भरलेली एक भलीमोठी पेटी होती, तिच्या आत काय चालायचं ते देवाला ठाऊक. हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले चहाला उतरले की मुद्दाम वाकून बघायचे आणि ही मोटार का शिलाईमशीन, म्हणून खिदळायचे. दादामियाँ त्यांच्याकडं लक्ष द्यायचा नाही. हसणाऱ्याचं काय जातंय?

दादामियाँचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. नवाबाच्या जहागिरीत ड्रायव्हर असताना जुनी गाडी नाल्यात पलटी झाली, तेव्हापासून पाय लाकडासारखा सरळ. क्लच दाबायचा पायच गेला, म्हणजे ड्रायव्हरकी संपली. पण पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या वर्षी नवाबानं ही अमेरिकी मोटार मागवली आणि दादामियाँ पुन्हा गादीवर बसला. साहेबांनी आपल्या पायाकडं बघूनच ती मागवली, असं तो छातीठोकपणे सांगायचा. मला विचाराल तर नवाबाला नव्या चिजांची हौस भारी, पायाचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण एखाद्याच्या मनात बसलेली चांगली गोष्ट आपण कशाला उपटायची?

पुढं जहागिऱ्या गेल्या, नवाबानं हवेली विकून मुलूख सोडला. मोटार मात्र कुणी घेईना. बिघडली तर दुरुस्त कोण करणार? मग नवाब म्हणाला, दादामियाँ, तूच घेऊन जा. तो ती घेऊन आपल्या गावी, उमरग्याला आला. बायको आधीच गेलेली, लेकरू नाही. एक खोली, तिच्यापुढं पत्र्याचं छप्पर, छपराखाली मोटार. उमरग्याहून सोलापूरला माणसं न्यायची, आणायची. बहुतेक दवाखान्याची, एखादवेळी लग्नाची.

त्याला खरी गोडी होती ती माणसांच्या बोलण्याची. ड्रायव्हरच्या पाठीमागं बसून माणूस जे बोलतो ते घरातसुद्धा बोलत नाही. कुणाच्या लेकीला सासरी जाच, कुणाच्या भावानं बांध कोरला, कुणाला मेलेली आई स्वप्नात दिसते. दादामियाँ पुढं बघत हूं हूं करायचा आणि सगळं ध्यानात ठेवायचा. वर्षानं तोच माणूस भेटला की विचारायचा, "लेक नांदती का आता?" माणूस चकित व्हायचा. घरी आल्यावर मात्र त्याच्याशी बोलायला चूलसुद्धा तयार नसायची. फार एकटं वाटायचं त्याला, आणि ते तो कुणाला सांगायचा नाही.

मग माकणीच्या बब्रुवानाची बायको अयोध्या त्याच्या गाडीत गेली.

पहिलटकरीण होती, अडली होती. उमरग्याच्या डॉक्टरनं सोलापूरला न्या म्हणून सांगितलं. जळकोटपर्यंत गाडी बरी पळाली. पोरगी मागून सारखी विचारायची, "चाचा, अजून किती लांब?" आणि तो म्हणायचा, "आलंच की माय." नळदुर्गाच्या घाटात जुन्या इंजिनानं दम टाकला. रेडिएटरचं झाकण उडालं, वाफ निघाली, गाडी उभी. बब्रुवान पाणी आणायला खाली नदीकडं पळाला. तो घागर घेऊन वर आला तेव्हा मागच्या गादीवरून विचारणारं कुणी राहिलं नव्हतं.

बब्रुवान त्याला एक शब्द वाकडा बोलला नाही. पण त्या दिवसापासून दादामियाँच्या गाडीत कुणी पाय ठेवला नाही. लोक एसटीची वाट बघत, ट्रकवाल्याच्या हातापाया पडत, पण छपराखालच्या त्या मोटारीकडं बघत नसत. दादामियाँ रोज सकाळी ती धुवायचा, पुसायचा, आणि दार उघडं ठेवून बसायचा. कुत्रं येऊन बसायचं सावलीला, तेवढंच.

वर्ष असं गेल्यावर तो ईरण्णा मिस्त्रीकडं गेला. ईरण्णाचं गॅरेज नाक्यावर होतं. उलटलेल्या एका लॉरीचं इंजिन त्याच्याकडं पडून होतं, चांगलं दणकट, तीस पोती घेऊन घाट चढलेलं.

"हे माझ्या गाडीला बसव," दादामियाँ म्हणाला. "घाटात थांबली न्हाय पायजे. मग लोक बसतील."

ईरण्णा गाडीखाली शिरला, बराच वेळ आत राहिला आणि हात पुसत बाहेर आला.

"इंजिन बसवतो. पर तुमची ही पेटी टिकायची न्हाय, दादामियाँ. इंजिनाचा सगळा जोर हिच्यातून चाकाला जातो. आतले पट्टे जुन्या इंजिनाच्या मापाचे हायत. दुप्पट जोर आला की घसरतील, तेल जळंल, संपलं."

"मग दुसरी मजबूत पेटी घाल. बिनक्लचचीच."

"कुठून घालू? असली पेटी मुंबईत बी कोण उघडत न्हाय. मागवायची म्हणलं तर जहाजानं येणार, तोवर तुमी आन् म्या दोघं बी म्हातारे. त्यापरीस लॉरीचीच हातगिअरची पेटी जोडतो. इंजिनाची जोडीदारीण हाय ती, जल्मात कुरकुरायची न्हाय."

"आन् क्लच?"

ईरण्णानं त्याच्या पायाकडं बघितलं आणि नजर फिरवली. मनानं चांगला माणूस होता तो, पण लोखंडाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता यायचं नाही.

दादामियाँ हट्टाला पेटला. जुनीच पेटी राहू दे म्हणाला, काय होतंय ते बघू. ईरण्णानं डोक्याला हात लावला, पण महिनाभर खपून इंजिन बसवलं आणि खाली जुनी पेटी तशीच ठेवली. दोघं नळदुर्गाकडं निघाले. काय पळाली हो गाडी! दादामियाँचं तोंड लहान लेकराच्या तोंडासारखं उजळलं होतं. जळकोट मागं पडलं, घाट लागला, आणि अर्ध्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आवाज वाढतोय, गाडी मात्र जागची हलेना. मग खालून करपल्याचा वास आला. उतरून बघितलं तर तेल उकळून रस्त्यावर सांडलेलं.

गाडी थांबली ती नेमकी अयोध्या गेली त्या जागी नव्हे, तिच्या थोडी अलीकडं. दादामियाँ वर चढावाकडं बघत उभा राहिला. "आज मागं कुणी असतं तर?" एवढंच तो म्हणाला. ईरण्णानं हात करून एक ट्रक थांबवला. ट्रकच्या मागं दोर लावून गाडी परत आणली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात एक लॉरी दुरुस्तीला उभी होती. दादामियाँ कुणाला न विचारता तिच्यात चढून बसला आणि इंजिन सुरू केलं. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवला आणि वरून मांडी दाबली. क्लच थोडा गेला, गिअर कसाबसा पडला. मग पाय उचलायला गेला तर पाय सटकला, लॉरीनं गचका खाल्ला आणि पुढच्या पिंपाला धडकली. चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली. त्यात व्यंकट होता. पूर्वी ट्रकवर होता, तिशीतला, दोन लेकरांचा बाप, मालकाशी भांडून घरी बसलेला.

"चाचा, काय करूलालाव? उतरा खाली," व्यंकट म्हणाला.

दादामियाँ उतरला नाही. "ईरण्णा, हातानं दाबायचा दांडा करता येतो का क्लचला?"

"येतो की. एका हातानं स्टेरिंग धरा, दुसऱ्यानं गिअर टाका. क्लच दाबायला तिसरा हात कुठून आणू?"

माणसं हसली. दादामियाँही हसला, मेल्यासारखा. मग खाली उतरला, पिंप सरळ करायला लागला, आणि पाठमोराच म्हणाला, "काढ ती पेटी."

"इचार केला का? मग गाडी तुमच्या हातची न्हाय ऱ्हायाची."

"ऱ्हाऊ दे. घाट चढली पायजे." थोड्या वेळानं तो व्यंकटला म्हणाला, "तू चालव. पर एक सांगतो, म्या शेजारी बसणार. म्हातारा कशाला संगं, असं म्हणायचं न्हाय."

व्यंकटाला काम हवंच होतं. "तुमची गाडी, चाचा. तुमाला कोण न्हाय म्हणंल?"

झालं. जुनी पेटी निघाली, हातगिअरची बसली, तिसरं पेडल आलं. दादामियाँ पहिल्यांदा डाव्या बाजूला बसला तेव्हा त्याचे हात मांडीवर नुसते पडून होते, काय करावं त्यांचं त्याला कळेना. पण घाट आला, व्यंकटानं गिअर उतरवला आणि गाडी गडगडत एका दमात वर गेली. वर पोचल्यावर दादामियाँनं डोळे पुसले. स्टेरिंग गेलं त्याचं दुःख होतंच, ते नव्हतं असं कोण म्हणतंय? पण आता माणसं येतील, मागं बसतील, बोलतील. ऐकायला पाय लागत नाहीत.

ईरण्णानं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा सपाटा लावला, की दादामियाँची गाडी आता घाटाला ऐकत नाही. तरी आठवडाभर कुणी आलं नाही.

मग एका सकाळी बैलगाडी दारात येऊन थांबली. बब्रुवान होता. गाडीत त्याची आई नागूबाई, पायाला घट्ट चिंधी बांधलेली. पहाटे कडब्यात साप चावला होता. इथं लस नाही, आत्ताच्या आत्ता सोलापूर गाठा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. एसटीला अजून अवकाश होता.

"झोपू देऊ नका तिला," बैलगाडीवाला सांगत होता. "डोळा लागला की संपलं. बोलतं ठिवा."

व्यंकटानं इंजिन सुरू केलं. दोघांनी म्हातारीला उचलून मागच्या गादीवर ठेवलं, बब्रुवान तिचं डोकं धरून बसला. दादामियाँ धडपडत पुढं, व्यंकटच्या शेजारी जाऊन बसला. दार ओढून मागं वळला आणि म्हणाला, "नागूबाई, माय, इकडं बघा. तुमचं म्हायेर कुठलं?"

"चाचा," बब्रुवान म्हणाला.

"तू काळजी करू नको. म्या हिला सोलापूरपोत बोलतं ठिवतो. माझं कामच हाय ते."

"चाचा, तुमी उतरा."

व्यंकटचा हात गिअरवर तसाच राहिला.

"तुमच्यावर राग न्हाय माझा," बब्रुवान म्हणाला. "खंडोबाची आण. पर तुमचा आवाज आला की मला तिचा येतो. चाचा, अजून किती लांब, म्हणायची. म्या आज ते ऐकू शकत न्हाय. मला आईला सांभाळायचंय."

दादामियाँनं दार उघडलं. आधी सरळ पाय बाहेर काढला, मग स्वतः उतरला. खिडकीतून आत वाकून म्हणाला, "व्यंकट, घाटात दुसऱ्या गिअरवर ठिव. दम धर." गाडी गेली.

दिवसभर तो छपराखाली बसून होता. जेवला नाही. म्हातारीसाठी दुवा मागितली, मागता मागता मध्येच थांबला, कारण घाट आठवला. बैलगाडीवाला वाट बघत तिथंच बसला होता, पण तो पडला अबोल गडी. बैलांपुढं कडबा टाकायचा आणि गप्प व्हायचा.

दिवस मावळायच्या आधी गाडी परत आली. एकटा व्यंकटच होता.

"जगली म्हातारी," तो उतरता उतरता म्हणाला. "लस दिली. डॉक्टर म्हणला, थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. चाचा, घाट कळला बी न्हाय बघा."

दादामियाँनं वर बघून हात जोडल्यासारखे केले. खरंच बरं वाटलं त्याला, जन्मात वाटलं नसेल इतकं. बैलगाडीवाल्याला सांगितलं, व्यंकटाला पाणी दिलं, चहा टाकू का म्हणून विचारलं. व्यंकट नको म्हणाला, लेकरं वाट बघत असतील.

"झोपली न्हाय ना मधी?"

"न्हाय न्हाय. बब्रुवान बोलतं ठिवलाच की तिला. पयल्यांदा कण्हत हुती, मग जे तोंड सुटलं म्हातारीचं! सोलापूर येईपोत बोलत हुती. हसली बी एकदा."

दादामियाँ मोटारीला टेकला. "काय बोलली?"

"आं?"

"काय बोलत हुती? सांग की. जळकोटपासून सांग."

व्यंकटानं डोकं खाजवलं. आठवायचा प्रयत्न केला बिचाऱ्यानं, त्याची काही चूक नाही.

"आता काय सांगू चाचा? ते कोण ध्यानात ठिवतं? म्या रस्ता बघत हुतो."

"बरोबर हाय," दादामियाँ म्हणाला. "ड्रायव्हरनं रस्ताच बघावा."